गावाआधी जत्रा: मलप्रभेच्या काठाने कणकुंबी ते सौंदत्ती

बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात होता की आधी गाव वसतं आणि मग लोक देऊळ बांधतात, की आधी देवाचं ठिकाण असतं आणि त्याच्याभोवती गाव जमतं. पुण्यात इतिहास शिकणारी माझी भाची माघात सुट्टीवर आली, तिच्या डोक्यातही साधारण हेच चाललेलं, फक्त तिच्याकडे तुर्कस्तान आणि इराकची उदाहरणं आणि माझ्याकडे आपल्या खानापूर-सौंदत्तीची. मग दादा म्हणाला गाडी मी काढतो, बघूया प्रत्यक्ष, भरत पौर्णिमा, म्हणजे यल्लम्माची माघातली जत्रा, पण तोंडावर आहे, शेवट सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर करू. तसे निघालो.

दिवस पहिला: बेळगाव

घरातूनच सुरुवात. वडगाव-माधवपूर भागात आज यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, साड्यांचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्या स्कूटर, मध्ये रांगोळ्या काढलेली दारं, आणि याच जमिनीखाली सातवाहन काळातलं गाव आहे. 1970 च्या दशकात इथे उत्खनन झालं, विटांची बांधकामं सापडली, नाणी सापडली, आणि वाजपेय यज्ञ केलेल्या एका ब्राह्मणाचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेखही या भागातला. बघण्यासारखं आता काहीच नाही पण मला तिथे उभं राहायचं होतं. बाजारपेठेच्या गावात कुणीतरी एवढा मोठा यज्ञ केला आणि तो दगडावर नोंदवून ठेवला, म्हणजे व्यापार आणि यज्ञ एकाच गावात शेजारी-शेजारी नांदत होते, आणि या दोघांत आधी कोण हे तिथल्या मातीवरून तरी कळत नाही.

भाचीने इथेच हडप्पा-मोहेंजोदडो काढलं. एवढी मोठी शहरं, गटारं, एका मापाच्या विटा, वजनं सगळीकडे सारखी, पण ज्याला छातीठोकपणे देऊळ म्हणता येईल असं एकही बांधकाम नाही, मोठं स्नानकुंड आहे पण त्याच्या वापराबद्दलही अंदाजच. "मग धर्माशिवाय शहर झालंच की गं आत्या." हा मुद्दा खरा आहे, आणि तो मी शेवटपर्यंत बाजूला टाकला नाही.

दुपारी किल्ल्यात. लष्कराचा भाग असल्यामुळे किल्ला स्वच्छ आणि शांत, आत रामकृष्ण आश्रम, सफा मशीद, आणि कमल बस्ती हे जुनं जैन देऊळ. कमल बस्तीच्या मंडपात गेल्यावर मान आपोआप वर जाते, छताला दगडी कमळ उलटं लटकतंय आणि त्याला 72 पाकळ्या, भूत-वर्तमान-भविष्य अशा तीन काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. गाभाऱ्यात काळ्या दगडाचे नेमिनाथ. बांधणारा इथल्या रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाचा मंत्री बीचिराज, साल 1204. रट्टांची राजधानी त्या सुमारास सौंदत्तीहून इकडे वेणुग्रामला म्हणजे बेळगावला येत होती.

पण मला कमळापेक्षा शिलालेख जास्त आवडतो. इथले दोन लेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यात देवाची स्तुती झाली की सरळ हिशेब सुरू होतो. कुठलं गाव दिलं, कुठली जमीन दिली, बाजारात येणाऱ्या कुठल्या मालावर बस्तीसाठी किती काढून ठेवायचं. आणि हे देणाऱ्यांत नुसते इथले व्यापारी नाहीत, लाट देशचे म्हणजे गुजरातकडचे आणि मलेयाळचे म्हणजे केरळकडचेही आहेत. आता विचार करा, आठशे वर्षांपूर्वी गुजरातचा माणूस आणि केरळचा माणूस बेळगावच्या बाजारात भेटतात, भाषा वेगळी, राजा वेगळा, उद्या पैसे बुडवून पळाला तर धरायचा कुठे, आणि दोघेही एकाच देवळाच्या नावाने आपल्या मालातला वाटा द्यायला कबूल होतात, तेही दगडावर, सगळ्यांसमोर. ज्याने असं वचन दिलं त्याला पुढच्या वर्षी याच बाजारात तोंड दाखवायचं असतं. धर्माने शहर कसं उभं राहतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला तरी माहीत नाही.

यावरून भाची उरुकवर गेली. आजच्या दक्षिण इराकमध्ये इसवी सनापूर्वी साधारण 3300 च्या आसपास जगातलं सगळ्यात जुनं लिखाण मिळतं, मातीच्या पाट्यांवर, तेही देवीच्या मोठ्या देवस्थानाच्या परिसरात, आणि त्यात प्रार्थना नाहीत, बार्ली किती आली, मेंढ्या किती, कुणाला किती धान्य वाटलं एवढंच. प्रार्थना, कथा, स्तोत्रं लिहिणं पुष्कळ नंतरचं. "म्हणजे देवस्थानच्या कारकुनाने अक्षर शोधलं," दादा म्हणाला. जवळजवळ तसंच आहे.

संध्याकाळी कपिलेश्वरला जाऊन आलो, घरी कुंदा होताच.

दिवस दुसरा: कणकुंबी, नंदगड, हलसी

पहाटे जांबोटी रस्त्याने कणकुंबी. जंगल दाट, थंडी बोचणारी, धुक्यात समोरचा ट्रक दिसेना. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. एवढीशी धार, आणि हीच पुढे ऐहोळे-पट्टदकलला जाऊन चालुक्यांची देवळं काठावर घेते आणि कूडलसंगमला कृष्णेत मिळते. उगमाला देवी आहे हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विशेष वाटत नाही, पण खालच्या शेकडो गावांचं पाणी जिथून निघतं ती जागा कुणा एकाच्या मालकीची न होता देवीची झाली हे साधं नाही. इथून जवळच कळसा-भांडुराच्या पाण्याचा वाद कित्येक वर्षं चाललाय, तीन राज्यांत, लवादापर्यंत गेलेला. त्यात शिरत नाही, पण पाण्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न जुना आहे आणि जुन्या लोकांनी त्याला माउली हे एक उत्तर दिलं होतं.

खानापूरला मिसळ खाल्ली, असोग्याला नदीकाठी रामलिंगेश्वर बघितला, धावतच.

नंदगडला मात्र थांबलो. संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला इथे फाशी दिली, कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर शिलेदार. समाधीजवळ मोठा वड आहे आणि त्या वडाला लोक पाळणे बांधतात, मूल व्हावं म्हणून. म्हणजे दोनशे वर्षंही झाली नाहीत, एक माणूस, त्याची तारीखवार नोंद सरकारी कागदात आहे, आणि त्याच्या जागी आज नवस बोलले जातात, लोक ठरलेल्या दिवशी येतात. ना कुठला ग्रंथ, ना कुठल्या राजाचं दान. पवित्र जागा कशी तयार होते हे बघायला हजारो वर्षं मागे जायची गरज नाही, खानापूर तालुक्यात डोळ्यासमोर दिसतं.

मग हलसी. उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाव लहान, कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, मराठी-कन्नड दोन्ही सारखंच बोललं जातं. देवळाजवळ ओट्यावर एक आजोबा बसले होते, "कुठनं आलासा? बेळगावास्नं? बसा की जरा, पाणी प्या" म्हणून त्यांनी कळशीच पुढे केली.

ही पलाशिका, कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी, पहिली बनवासी. इथे एकोणिसाव्या शतकात ताम्रपट सापडले, पाचव्या-सहाव्या शतकातले, आणि ते वाचले की हे छोटं गाव एकदम मोठं होतं. कदंब राजा मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ इथे जिनालय म्हणजे जैन देऊळ बांधलं आणि मातृसरित नदीपासून इंगिणी संगमापर्यंत 33 निवर्तन (जमिनीचं जुनं माप) जमीन दिली, तीही एका पंथाला नाही, यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा जैनांच्या तीन पंथांना. त्याच्या मुलाचा, रविवर्म्याचा ताम्रपट तर या सगळ्या प्रवासाचं कारणच म्हणा. त्यात तो सांगतो की एका गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिक पौर्णिमेला आठ दिवसांचा उत्सव पलाशिकेत झालाच पाहिजे, पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींना जेवण मिळालं पाहिजे, आणि पूजा गावातल्या-नगरातल्या लोकांनी सतत चालू ठेवायची. शेवटी म्हणतो की जिथे जिथे जिनेंद्राची पूजा चालते तिथे देशाची भरभराट होते, नगरं निर्भय राहतात आणि त्या देशाच्या धन्याला बळ येतं.

हे वाचून मी भाचीला म्हटलं की आपण ज्या प्रश्नासाठी फिरतोय त्याचं उत्तर पंधराशे वर्षांपूर्वी एका राजाने तांब्यावर लिहून ठेवलंय, धर्म, नगर आणि सत्ता तिन्ही एका वाक्यात, आणि तो ते लपवतही नाही. त्याने मूर्तीसाठी पैसे दिले असते तर वेगळी गोष्ट, त्याने *उत्सवासाठी* पैसे दिले. आठ दिवस, दरवर्षी, ठरलेली तिथी. त्याला माहीत होतं की सुगीच्या वेळी चारी बाजूंनी माणसं एका जागी आणली की बाजार भरतो, तंटे मिटतात, लग्नं ठरतात, आणि आपण राजा आहोत हे सगळ्यांना दिसतं.

भूवराह नरसिंह देवळात बराच वेळ होतो. दोन गाभारे समोरासमोर, एकीकडे पृथ्वीला उचलून धरलेला वराह, दुसरीकडे नारायण आणि नरसिंह, मधल्या मंडपात उभं राहिलं की दोघांच्याही नजरेत आपण. हे गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, 1169 चा लेख आहे. म्हणजे जैन जिनालयापासून वैष्णव देवळापर्यंत सहा-सातशे वर्षं या गावात देवाच्या नावाने सतत बांधकाम, दान, उत्सव. टेकडीवर रामेश्वर, पलीकडे कलमेश्वर, सुवर्णेश्वर.

आणि तरी हलसी आज खेडं आहे. हे मला खरंच टोचलं. रविवर्म्याचं वाक्य खरं असतं तर पलाशिका आज बेळगावएवढी असायला हवी होती. देव इथेच राहिले, राजा गेला, त्याच्या मागोमाग ज्या गावाच्या उत्पन्नातून उत्सव चालायचा त्याचं उत्पन्नही दुसरीकडे गेलं, आणि आठ दिवसांचा तो कार्तिक उत्सव आज कुणाच्या आठवणीतही नाही. आजोबांना विचारलं तर ते देवळाच्या जत्रेबद्दल सांगू लागले, ती वेगळी. राजाने पैसे देऊन भरवलेली जत्रा राजाबरोबर संपली, एवढं मात्र मला तिथे पटलं.

दिवस तिसरा: देगाव, हूली

रात्री खानापूरला पाहुण्यांकडे राहिलो. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि काजूची उसळ केली होती, गप्पा बाराला संपल्या.

सकाळी कित्तूरजवळचं देगाव. कमल नारायण मंदिर बाराव्या शतकातलं, गोव्याचा कदंब शिवचित्त पेरमाडी याची राणी कमलादेवी हिने बांधलेलं, शिल्पी तिप्पोज. गाभारे एका ओळीत आणि त्यांच्यापुढे लांबच लांब मंडप, पुढच्या भिंतीवरची नक्षी बघत दादाने फोटो काढून काढून फोनची बॅटरी संपवली. कमलादेवीने नुसतं देऊळ बांधलं नाही, देगाव हे अग्रहार केलं, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना वसवलं, जमिनी दिल्या, शिकवायची सोय केली. गाव वसवायची ही त्या काळची ठरलेली पद्धत होती, आधी दान, मग माणसं, मग शेती वाढते, तलाव होतो. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. ज्यांची जमीन दानात दिली ते कसणारे कुणब्यासारखे लोक, त्यांची नावं लेखात सहसा नसतात. दान घेणाऱ्याचं गोत्र असतं, चारी दिशांच्या हद्दी असतात, ओढा, वारूळ, वडाचं झाड असतं, कसणारा नसतो. भाची म्हणाली सुमेरमध्येही, म्हणजे उरुकच्या त्या प्रदेशातही असंच, धान्य वाटपाच्या पाट्यांवर मजुरांच्या नावांपेक्षा आकडे जास्त. सभ्यता म्हणतो आपण तिचा पाया हा असा घातला गेला आणि त्याच्या आनंदात हे विसरून चालणार नाही.

कित्तूरचा वाडा लांबूनच बघितला कारण पुढे हूली गाठायचं होतं. सौंदत्तीजवळचं हे गाव म्हणजे मोकळ्यावर पडलेलं देवळांचं संग्रहालय आहे, पंचलिंगेश्वर, त्रिकुटेश्वर, अंधकेश्वर, काही झुडपांत. जुन्या लेखांत इथले हजार महाजन येतात, पुलीचे हजार, पुली म्हणजे हूलीच. हे महाजन मिळून देवळाच्या जमिनीचा, दानाचा कारभार बघायचे, निर्णय एकत्र घ्यायचे. राजा कुठला का असेना, चालुक्य असो की कलचुरी, गावाचा कारभार ही सभा सांभाळायची. पंचलिंगेश्वराच्या खांबांमध्ये गारवा होता, तिथे डबा उघडला, एक मेंढपाळ पोरगा येऊन बसला, त्याला चपाती दिली, त्याने आम्हाला बोरं दिली.

संध्याकाळी सौंदत्तीत उतरलो तर लॉज एकही रिकामा नाही, भरत पौर्णिमेची गर्दी सुरू झालेली. शेवटी एका धर्मशाळेत ओसरीवर जागा मिळाली.

दिवस चौथा: सौंदत्ती, यल्लम्माचा डोंगर

पहाटे चारला जाग आली ती चौंडक्याच्या आवाजाने. रस्ताभर बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो, कर्नाटकच्या लाल बस आणि आपली एसटी, पाट्या बघितल्या तर गडहिंग्लज, कागल, चिकोडी, निपाणी, मिरज, हुबळी. "उदं गं आई उदं" चालू, भंडाऱ्याने माणसं, बैल, रस्ता सगळं पिवळं. डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली घेतलेले, देवीला वाहिलेले जोगते, गळ्यात कवड्यांच्या माळा.

खाली सौंदत्ती गाव म्हणजे जुनं सुगंधवर्ती, रट्टांची पहिली राजधानी. इथे पृथ्वीराम नावाच्या रट्ट सामंताने नवव्या शतकात, 875 च्या सुमारास जैन मंदिर बांधलं. आणि 1228 च्या इथल्याच लेखात मुनिचंद्र नावाचे आचार्य येतात, राजगुरू, त्यांना रट्टराज्य-प्रतिष्ठाचार्य म्हटलंय, राज्याची प्रतिष्ठापना करणारे. राजाला शिकवणारा, लढाईत सल्ला देणारा, कारभार बघणारा साधू. राज्य उभं करण्यात धर्माचा हात किती हे यापेक्षा सरळ कोण लिहिणार? पण त्यानंतर थोड्याच वर्षांत रट्ट संपले.

डोंगर मात्र संपला नाही. वर पोचलो तर नजर जाईल तिथवर तीन दगडांच्या चुली आणि धूर, पुरणपोळी, कडबू, वांग्याची भाजी, भाकरी, सगळं तिथेच शिजतंय, मग परडी भरायची. कागलकडच्या एका मावशींजवळ टेकलो. त्यांनी सांगितलं, "आमच्या गावाचं ठिकाण ठरल्यालं हाय, ह्या लिंबाखाली. माझ्या सासूची चूल हितंच हुती. दुसरं कोण हितं मांडत न्हाई." मी विचारलं कुठे लिहिलंय का, पावती वगैरे? "लिवायचं कशाला, समद्यास्नी ठावं हाय की." शेजारी धारवाडकडचं कन्नड कुटुंब, त्यांचीही जागा ठरलेली, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि तरी मीठ-तेल इकडून तिकडे चाललंय. हजारो चुली, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या, रस्ता कुठे सोडायचा हे ठरलेलं, आणि हे ठरवणारा राजा नाही, ताम्रपट नाही. रविवर्म्याला जे एका गावाचं उत्पन्न लावून करावं लागलं ते इथे लोक स्वतःच्या पदरचं धान्य आणून करतायत, पिढ्यानपिढ्या.

इथे बसूनच भाचीने गोबेकली तेपे सांगितलं, मी नीट पहिल्यांदाच ऐकलं. तुर्कस्तानात उर्फाजवळ एक टेकडी, इसवी सनापूर्वी 9500 च्या सुमाराची, साडेपाच मीटरपर्यंत उंच दगडी खांब, त्यावर कोल्हे, साप, गिधाडं, विंचू कोरलेले. उभे करणारे लोक शिकार करून, रानातलं धान्य गोळा करून जगणारे, शेती अजून यायची होती. क्लाउस श्मिट या जर्मन संशोधकाने 1995 पासून तिथे खोदकाम केलं आणि म्हटलं की आधी देवस्थान, मग गाव, एवढ्या माणसांना एकत्र आणून खाऊ घालायच्या गरजेतून शेतीकडे पावलं वळली असतील. नंतर तिथे राहत्या घरांसारख्या खोल्या आणि पावसाचं पाणी साठवायची सोयही सापडली, त्यामुळे तिथे कुणीच राहत नव्हतं हे श्मिटचं म्हणणं आता जसंच्या तसं धरता येत नाही. पण मोठमोठे दगड उचलायला लांबून माणसं एकत्र आली, मेजवान्या झाल्या, एवढं उरतंच. आजूबाजूला धूर आणि पुरणाचा वास असताना हे ऐकलं, आणि मला काही ते लांबचं वाटलं नाही.

दादाने मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. "एवढी माणसं वर्षानुवर्षं येतात मग डोंगरावर शहर का नाही झालं?" खरंय. शहर झालं बेळगावात, जिथे देवळाला बाजाराचा हिशेब जोडला गेला आणि माणसं वर्षभर थांबली. डोंगरावर माणसं येतात, राहत नाहीत. हलसीत हिशेब होता पण तो एकट्या राजाच्या हातात. मला आता असं वाटतं की धर्माचं पहिलं काम माणसांना ठरलेल्या दिवशी एका जागी आणणं आणि परक्यावर विश्वास ठेवायला लावणं हे आहे, शहर त्यातून होईल किंवा होणारही नाही, ते पाणी, रस्ता आणि व्यापारावर. हडप्पाच्या लोकांनी हा विश्वास कदाचित वजना-मापांनी सांभाळला असेल, म्हणून भाचीचा मुद्दा मी सोडत नाही.

आणि ज्या बंधनाने चुलीची जागा मिळते त्याच बंधनाने इथे पोरी देवीला सोडल्या गेल्या. मावशींच्या भावकीतल्या एकीच्या गळ्यात मोती होते, म्हणजे तिलाही देवीला सोडलेलं, आता सत्तरीची, परडी घेऊन पाच घरं मागते. मावशी हे सांगताना आवाज खाली आणून बोलत होत्या. 1975 मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली, कर्नाटकाने 1982 मध्ये देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा केला, निपाणी-गडहिंग्लजच्या बायका स्वतः पेन्शनसाठी, मुलांच्या नावासाठी मोर्चे काढत राहिल्या. भाचीने त्या आजींशी बोलायचं ठरवलं, मावशींनी आधी त्यांना विचारलं, मग आम्ही गेलो. त्यांनी आमच्या परड्यांत भंडारा टाकला आणि म्हणाल्या की पेन्शन दोन महिने आली नाही, बेळगावात कुणाला भेटायचं ते सांगा. दादाने त्यांचा कागद बघितला, अर्ज कुठे द्यायचा ते लिहून दिलं, आणि सोमवारी कचेरीत मी स्वतः जाणार आहे.